प्रभाराचा निचरा : संमिश्र विमानांतील इंधनभरणी आणि स्थितिक विद्युत

नळीतून इंधन वाहू लागले की त्यात विद्युतप्रभार तयार होतो. पेट्रोल, विमानाचे केरोसीन किंवा डिझेल यांपैकी कोणतेही इंधन याला अपवाद नाही. इंधनात आयनरूपातली अशुद्धी अगदी थोड्या प्रमाणात नेहमीच असते. तिच्यातले एका चिन्हाचे आयन नळीच्या आतल्या पृष्ठभागाला धरून राहतात आणि विरुद्ध चिन्हाचे आयन प्रवाहाबरोबर पुढे जातात. टाकीत पडणारे इंधन त्यामुळे स्वतःचा प्रभार घेऊनच येते. ही निर्मिती थांबवता येत नाही. प्रभार जितक्या वेगाने येतो तितक्याच वेगाने त्याचा निचरा होईल अशी वाट ठेवणे, एवढेच माणसाच्या हातात असते. धातूच्या विमानात ही वाट आपोआप मिळते, कारण टाकी, पंखाचे आवरण, सांगाडा आणि चाकांचे दांडे मिळून एकच सलग वाहक बनतो. काचतंतू आणि इपॉक्सी रेझिनच्या विमानात ती वाट मुद्दाम बांधावी लागते. ती बांधलेली नसेल, किंवा बांधलेली असून मध्येच तुटलेली असेल, तर बाहेरून सगळे नियम पाळूनही धोका टाकीच्या तोंडाशी तसाच राहतो.

प्रभाराचा हा प्रवाह फार छोटा असतो. तो मायक्रोअँपिअरमध्ये, बरेचदा त्याच्याही अंशात मोजला जातो, आणि त्यामुळेच त्याला क्षुल्लक समजण्याची चूक सहज होते. साध्या नळीपेक्षा गाळणी अधिक प्रभार निर्माण करते. पाणी आणि कचरा वेगळा काढणाऱ्या फिल्टरच्या सूक्ष्म छिद्रांत इंधनाचा पृष्ठभागाशी येणारा संपर्क प्रचंड वाढतो. अशा फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या इंधनातला प्रभार आधीच्या दहापट ते दोनशेपट असू शकतो. विमानाच्या इंधनाला गाळणीशिवाय चालत नाही, कारण इंजिनात पाणी गेले तर विमान पडू शकते. सुरक्षेसाठी बसवलेली वस्तूच इथे दुसऱ्या धोक्याचा उगम ठरते, आणि दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. पेट्रोलियम उद्योगाने हे गणित पहिल्यांदा पद्धतशीरपणे मांडले ते १९५० च्या दशकात. शेल कंपनीतील क्लिंकेनबर्ग आणि व्हान डर मिने यांचा या विषयावरचा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून मूळ शास्त्र फारसे बदललेले नाही. बदलले आहे ते विमान.

साचलेला प्रभार किती वेळात ओसरतो, हे इंधनाच्या विद्युतवाहकतेवर ठरते. ही वाहकता पिकोसीमेन्स प्रति मीटर या एककात मोजतात. स्वच्छ, कोणतेही मिश्रक न घातलेल्या इंधनाची वाहकता एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असू शकते. हायड्रोकार्बन इंधनांसाठी एक सोपा हिशेब आहे. १८ ला वाहकतेच्या आकड्याने भागले की प्रभार सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारे सेकंद मिळतात. वाहकता १ असेल तर १८ सेकंद, ५० असेल तर सेकंदाच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक वेळ. म्हणून जेट ए-१ या इंधनाच्या ब्रिटिश मानकात, आणि भारतात एटीएफ नावाने विकल्या जाणाऱ्या इंधनाच्या आयएस १५७१ या मानकातही, वाहकता ५० ते ६०० या पट्ट्यात असावी अशी अट आहे. ती गाठण्यासाठी इंधनात स्टॅडिस ४५० हे मिश्रक लिटरमागे मिलिग्रॅमच्या मापाने घालतात. अमेरिकेत देशांतर्गत वापरल्या जाणाऱ्या जेट ए इंधनाला ही सक्ती नाही. छोट्या विमानांच्या अ‍ॅव्हगॅसमध्येही हे मिश्रक ऐच्छिक असते. पंपावरच्या पेट्रोलबद्दल अशी कोणतीच हमी धरता येत नाही.

मात्र १८ सेकंदांचा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो. प्रभार जिथे पोहोचेल ती भिंत त्याला पुढे जाऊ देते, असे त्यात मानलेले असते. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत ते खरे आहे. काचतंतूच्या टाकीत इंधनातला प्रभार भिंतीपर्यंत येतो आणि तिथेच अडतो, कारण भिंत विद्युतरोधक असते. इंधनाच्या पृष्ठभागाचे विभव त्यामुळे धातूच्या टाकीपेक्षा वर चढते आणि जास्त वेळ वर राहते. प्रभाराला उतरायला एकच जागा उरते ती म्हणजे इंधनात बुडालेला आणि विमानाच्या उर्वरित धातूशी जोडलेला एखादा धातूचा भाग. बहुतेक वेळा तो टाकीच्या तळाशी असलेला निर्गम किंवा त्यावरची जाळी असतो. मिश्रकाचे खरे महत्त्व इथे कळते. वाहकता वाढलेले इंधन प्रभार त्या जाळीपर्यंत लवकर पोहोचवते. जाळी मात्र कशालाच जोडलेली नसेल, तर मिश्रकाचाही फारसा उपयोग नाही.

आता आगीची बाजू. हायड्रोकार्बन वाफ आणि हवा यांचे मिश्रण सर्वांत अनुकूल प्रमाणात असेल, तर ते पेटायला सुमारे ०.२ ते ०.२५ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हिवाळ्यात स्वेटर काढल्यावर दाराच्या कडीला हात लावताना जो झटका बसतो, त्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. माणसाच्या शरीराची धारिता साधारण १०० पिकोफॅरड धरली आणि विभव १० हजार व्होल्ट, तर साठलेली ऊर्जा ५ मिलिज्यूल होते. एटीएफचा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सिअस असतो, त्यामुळे थंड हवेत टाकीतली वाफ पेटण्याइतकी दाट होत नाही. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या टाकीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. अ‍ॅव्हगॅस आणि पेट्रोल यांचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० अंशांच्या आसपास असतो. उन्हाळ्यात त्यांच्या टाकीच्या आतली वाफ इतकी दाट असते की आत ऑक्सिजन पुरत नाही आणि मिश्रण पेटत नाही. यावरून निश्चिंत होणाऱ्यांनी टाकीचे तोंड आठवावे. आतली दाट वाफ आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये, झाकणाच्या कडेपाशी, कुठे ना कुठे मिश्रण पेटण्याजोग्या प्रमाणात असतेच. नोझल, झाकण आणि इंधन भरणाऱ्याचा हात, तिघेही नेमके तिथेच असतात.

संमिश्र विमाने हा सगळा एकच प्रकार नाही, आणि त्यांना एकाच नियमाखाली बसवणे घातक आहे. बर्ट रुटान यांच्या १९७५ च्या व्हेरीईझ आणि १९७९ च्या लाँग-ईझ या घरी बांधायच्या विमानांनी फोम आणि काचतंतूचे बांधकाम लोकप्रिय केले. त्यांतल्या टाक्यासुद्धा त्याच साहित्याच्या होत्या. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या सिरस एसआर२० मध्ये इंधन थेट संमिश्र पंखाच्या पोकळीत राहते. ऑस्ट्रियाच्या डायमंड डीए४० मध्ये पंख काचतंतूचे, पण आत अ‍ॅल्युमिनियमचे कप्पे असून ते लवचीक नळीने एकमेकांना जोडलेले असतात. इथे टाकी धातूची आहे असे म्हणून निर्धास्त होता येत नाही. रोधक पंखात बसवलेला आणि रबरी नळीने शेजाऱ्याला जोडलेला अ‍ॅल्युमिनियमचा कप्पा स्वतंत्र तारेने बांधला नाही, तर तो विमानापासून विद्युतदृष्ट्या तुटलेलाच असतो. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत डायमंडची विमाने वापरली जातात. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे हंसा हे दोन आसनी विमानही काचतंतूच्या संमिश्राचे आहे. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९९३ मध्ये झाले आणि हंसा-एनजी ही नवी आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये उडाली.

कार्बन तंतूंची गोष्ट वेगळी. कार्बन तंतू विजेचा वाहक आहे. तंतूंच्या दिशेने त्याची वाहकता अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी पटींनी कमी असली, तरी स्थितिक प्रभाराच्या निचऱ्याला ती भरपूर आहे. अडचण असते ती तंतूपर्यंत पोहोचण्याची. तंतूंवर रेझिनचा थर, त्यावर प्रायमर आणि त्यावर रंग, असे तीन रोधक थर असतात. पंखाच्या कडेला लावलेला जोडतारेचा चिमटा या थरांवर नुसता बसतो, आतल्या कार्बनला त्याचा स्पर्शही होत नाही. कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की ओलाव्यात गॅल्व्हनिक गंज चढतो. त्यामुळे दोहोंमध्ये मुद्दाम काचतंतूचा पातळ थर घालतात आणि तो थरही विद्युतमार्ग तोडतो. अ‍ॅरामिड, म्हणजे केव्हलारसारखे तंतू, काचेसारखेच रोधक असतात. एकाच विमानात या तिन्हींचा मिलाफ असू शकतो, आणि रंगाखाली काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

बोइंग ७८७ च्या रचनेत वजनाने निम्मे आणि एअरबस ए३५० मध्ये सुमारे ५३ टक्के संमिश्र साहित्य आहे. एअर इंडियाला पहिले ७८७ सप्टेंबर २०१२ मध्ये मिळाले, आणि याच विमानाच्या तळफरशीच्या काही संमिश्र तुळया नागपूरच्या मिहानमध्ये तयार झाल्या आहेत. या मोठ्या विमानांत अभियंत्यांपुढे दोन परस्परविरोधी मागण्या असतात. वीज पडली तर हजारो अँपिअरचा प्रवाह टाकीतल्या नळ्यांमधून जाऊ नये, म्हणून नळ्यांमध्ये विद्युतरोध हवा. इंधनातला स्थितिक प्रभार मात्र त्याच नळ्यांवर साचू नये, म्हणून त्याला वाट हवी. यातून काढलेला तोडगा मोठा देखणा आहे. नळीच्या सांध्यात असा तुकडा बसवतात की त्याचा रोध लाखो ओहमच्या घरात असतो. मायक्रोअँपिअरचा प्रभार त्यातून निमूट झिरपतो आणि आकाशातल्या विजेला तो जवळजवळ बंद असतो. याशिवाय ७८७ मध्ये टाकीच्या रिकाम्या जागेत नायट्रोजनचे प्रमाण वाढवलेली हवा सोडण्याची यंत्रणा आहे. ठिणगी पडलीच तरी तिला पेटवायला पुरेसा ऑक्सिजन मिळू नये, हा तिचा हेतू. छोट्या प्रशिक्षण विमानात असे काहीच नसते. म्हणून या विषयातला खरा धोका मोठ्या विमानतळाच्या एप्रनपेक्षा धावपट्टीच्या कडेला पंखावरचे झाकण उघडून हाताने इंधन भरणाऱ्यांच्या वाट्याला अधिक येतो.

प्रभार ज्या रीतींनी सुटतो त्यांत सर्वांत धोकादायक आहे तुटलेल्या वाहकावरून उडणारी ठिणगी. काचतंतूच्या पंखात टाकीच्या तोंडाभोवती अ‍ॅल्युमिनियमची कडी रेझिनने चिकटवलेली आहे आणि ती कशालाही जोडलेली नाही, असे समजा. तिची धारिता अवघी २० पिकोफॅरड धरू. वरून पडणारे इंधन आणि त्याचे शिंतोडे तिला सेकंदाला ०.१ मायक्रोकूलॉम प्रभार देत असतील, तर एका सेकंदात तिचे विभव ५ हजार व्होल्टवर जाते आणि साठलेली ऊर्जा ०.२५ मिलिज्यूल होते, म्हणजे पेटण्याच्या उंबरठ्यावर. विभव १० हजारांवर गेले की ती १ मिलिज्यूल होते. कडीपासून काही मिलिमीटरवर नोझलचे धातूचे टोक असते. सुवाहकावरचा सगळा प्रभार एकाच ठिणगीत, एकाच क्षणी बाहेर पडतो, म्हणून इतकी लहान वस्तूही पुरते. झाकणाला बांधलेली आणि टाकीत लोंबणारी साखळी, सैल झालेली जाळी, इंधनाची पातळी दाखवणारा तरंगता धातूचा गोळा, टाकीत पडलेला एखादा स्क्रू, हे सगळे याच जातीचे धोके आहेत.

दुसरी रीत म्हणजे रोधकाच्या किंवा इंधनाच्याच पृष्ठभागावरून होणारे झुपकेदार विसर्जन. रोधकावरचा प्रभार एकदम वाहू शकत नाही, म्हणून यात एका जागचाच प्रभार सुटतो. तरीही त्याची ऊर्जा सुमारे ४ मिलिज्यूलपर्यंत जाऊ शकते, आणि पेट्रोलच्या वाफेला ती कितीतरी पटीने पुरेशी आहे. ठिणगी टाकीच्या आतच पडत असेल तर बाहेरची तार तिला अडवू शकत नाही, हे धातूच्या विमानांनीही दाखवून दिले आहे. १९७०-७१ च्या सुमारास अमेरिकेत मिनियापोलिस येथे बोइंग ७२७ विमानांत इंधन भरताना टाकीत स्फोट झाले, ते या विषयाच्या इतिहासात नेहमी उद्धृत केले जातात. टाकीत रोधक वस्तू ठेवली की काय होते, याचा धडा अमेरिकी हवाई दलाच्या ए-१० आणि सी-१३० विमानांनी दिला. गोळी लागल्यावर स्फोट होऊ नये म्हणून त्यांच्या टाक्यांत जाळीदार फोम भरला होता. या फोमवर स्थितिक प्रभार साचून इंधन भरताना वारंवार छोट्या आगी लागल्या आणि अखेर वाहक गुण असलेला फोम आणावा लागला. रोधक भिंतीची टाकी बांधणाऱ्याने हे उदाहरण कायम लक्षात ठेवायला हवे.

यावरचा पहिला उपाय आराखड्यात असतो. टाकीच्या तोंडाची कडी, बुडलेली जाळी, निर्गम, पातळीदर्शक, हवा जाण्याची नळी, प्रत्येक धातूचा तुकडा तारेने किंवा तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडून ती तार इंजिनाच्या चौकटीपर्यंत किंवा विमानाच्या समान विभवाच्या बिंदूपर्यंत आणतात. काही रचनांत टाकीच्या आतून तोंडापासून तळाच्या निर्गमापर्यंत तांब्याची वेणी सोडतात. इंधन कुठल्याही पातळीला असले तरी ती त्यात बुडलेली राहते आणि निचऱ्याचे अंतर कमी होते. बाहेरच्या पृष्ठभागासाठी वाहक रंग किंवा बारीक धातूची जाळी वापरतात. मोठ्या विमानांच्या नियमावलीत या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या आहेत. अमेरिकेच्या नियमांतील कलम २५.८९९ स्थितिक विद्युतेपासूनच्या संरक्षणाबद्दल आहे, आणि कलम २५.९७३ प्रमाणे इंधन भरण्याच्या जागी विमान व जमिनीवरचे उपकरण विद्युतदृष्ट्या जोडण्याची सोय हवी.

बॉन्डिंग आणि अर्थिंग या दोन शब्दांची गल्लत नेहमी होते, आणि संमिश्र विमानात ती महागात पडते. बॉन्डिंग म्हणजे विमान, बाउझर (इंधन आणणारी टाकीची गाडी) आणि नोझल यांना तारेने जोडून तिघांचे विभव सारखे करणे. विभवात फरक नसला की त्यांच्यात ठिणगी उडत नाही. अर्थिंग म्हणजे हे सगळे जमिनीला जोडणे. अमेरिकेच्या एनएफपीए ४०७ या मानकात बॉन्डिंगची सक्ती आहे, अर्थिंगची नाही, कारण जमिनीला जोडलेले विमान आणि न जोडलेले नोझल यांच्यात ठिणगी उडू शकतेच. अर्थिंग वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती बॉन्डिंगची जागा घेऊ शकत नाही, एवढेच. रोधाच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १० मायक्रोअँपिअरचा प्रवाह १० लाख ओहममधून गेला तरी विभवांतर १० व्होल्टच होते, म्हणजे तत्त्वतः एवढा रोध चालतो. तरीही धातूच्या मार्गाचा रोध १० ओहमच्या आत असावा असे मानतात. धातूच्या मार्गात त्याहून जास्त रोध दिसला तर कुठेतरी गंज, सैल सांधा किंवा अर्धी तुटलेली तार आहे असे समजायचे, आणि तो दोष उद्या आणखी वाढणार असतो.

चिमटा कुठे लावायचा, हा संमिश्र विमानातला सर्वांत व्यावहारिक प्रश्न. धातूच्या विमानात रंग खरवडलेली कोणतीही कडा चालून जाते. इथे उत्पादकाने दाखवलेला बिंदूच धरावा लागतो. सिरसच्या पुस्तिकेत तार इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपला लावायला सांगितले आहे. पंख काचतंतूचा असताना इंजिनाच्या नळीला तार का जोडायची, असे नवख्याला वाटते. टाकीच्या आतले धातूचे भाग शेवटी इंजिनाच्या चौकटीशी जोडलेले असतात आणि तिथे पोहोचण्याची बाहेरून उघडी असलेली धातूची जागा एक्झॉस्टच असते, हे त्यामागचे कारण. इतर विमानांत विमान बांधून ठेवण्याची कडी, खास बसवलेला खिळा किंवा टाकीच्या तोंडाजवळचे छिद्र ठरवलेले असते. पंखाच्या काठाला किंवा रंगवलेल्या चाकाच्या आवरणाला लावलेला चिमटा काहीच जोडत नाही, आणि पाहणाऱ्याला मात्र जोडणी झाल्याचा भास होतो. कार्बनच्या पृष्ठभागात चिमट्याचे दात रोवणे त्याहून वाईट. त्याने तंतू तुटतात आणि जोडणीही भरवशाची होत नाही.

पंखावरून इंधन भरताना क्रम महत्त्वाचा असतो, आणि तो पाठ करण्यापेक्षा त्यामागचा विचार समजून घेतलेला बरा. जोडताना आणि सोडताना ठिणगी पडू शकते, म्हणून ही दोन्ही कामे वाफ जिथे नाही तिथे, किंवा झाकण बंद असताना व्हायला हवीत. आधी बाउझर आणि विमान यांची तार, मग नोझलची तार टाकीजवळच्या बिंदूला, आणि त्यानंतर झाकण उघडायचे. नोझल तोंडाच्या धातूच्या कडीला टेकलेले ठेवायचे आणि भरणे संपेपर्यंत तो संपर्क सोडायचा नाही. भरून झाल्यावर सोडण्याचा क्रम उलटा: आधी झाकण बंद, मग नोझलची तार, शेवटी मुख्य तार. प्रवाहाचा वेगही हातात असतो. वाहकता कमी असलेले इंधन साठवण टाकीत भरताना प्रवेशनळी बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवावा, असा पेट्रोलियम उद्योगातला जुना संकेत आहे. उंचावरून धार पडली की शिंतोडे, धुके आणि फेस तयार होतो आणि तिन्ही प्रभार वाढवतात. छोट्या विमानातही हे तत्त्व तेच. सुरुवात हळू, नोझल खाली, आणि फिल्टरपासून टाकीपर्यंतच्या नळीची लांबी प्रभाराला थोडा वेळ मिळेल इतकी.

प्लॅस्टिकच्या कॅनमधून पेट्रोल ओतण्याची रीत मायक्रोलाइट आणि हलक्या क्रीडा विमानांच्या जगात सर्रास आढळते, कारण त्यांतली रोटॅक्स इंजिने मोटारीच्या पेट्रोलवर चालतात. इथे विमान, नरसाळे आणि कॅन असे तिन्ही रोधक एकत्र येतात. कॅनला चिमटा लावता येत नाही आणि लावला तरी उपयोग नाही. नरसाळ्यात पाणी अडवण्यासाठी बसवलेले शॅमॉय चामडे, विशेषतः त्याची कृत्रिम नक्कल, प्रभार निर्माण करण्यात गाळणीसारखीच पटाईत असते. शक्य असेल तर धातूचा कॅन, धातूचे नरसाळे आणि त्या दोघांना विमानाच्या बिंदूशी जोडणारी तार, हाच मार्ग धरावा. पंपावर कॅन भरताना तो गाडीच्या प्लॅस्टिक किंवा रबरी अस्तरावर न ठेवता जमिनीवर ठेवावा. भारतातल्या पंपांवरील पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलने इंधनाची वाहकता खूप वाढते हे खरे. मात्र रोटॅक्सच्या ९१२ मालिकेला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते, आणि टाकीतल्या काही रेझिनांना व सीलांना ते मानवत नाही. स्थितिक विद्युतेच्या सोयीसाठी असे पेट्रोल निवडणे हा उपाय ठरत नाही. अ‍ॅव्हगॅस १०० एलएल आता वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार होते, आणि जिथे ते परवडते तिथे निदान इथेनॉलचा प्रश्न सुटतो.

हवेतल्या ओलाव्याबद्दल एक गैरसमज रूढ आहे. पावसाळ्यात, किंवा कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर, स्थितिक विद्युतेची भीती नाही असे समजले जाते. सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर गेली की काचतंतूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि तिथला प्रभार झिरपून जातो, इतके बरोबर. इंधनाच्या आत, बंद टाकीत तयार होणाऱ्या प्रभारावर मात्र हवेच्या ओलाव्याचा काही परिणाम होत नाही. कोरड्या हवेत, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली असताना, आतला आणि बाहेरचा असे दोन्ही धोके एकत्र येतात. विदर्भ आणि मराठवाड्यातला उन्हाळा हा असा काळ. तेव्हा नायलॉनचे जाकीट काढणे, पंखावर कृत्रिम धाग्याचे कोरडे फडके चोळून धूळ पुसणे, रबरी तळव्यांच्या बुटांनी प्लॅस्टिकच्या शिडीवर चढणे, या प्रत्येक कृतीत प्रभार तयार होतो. पंख पुसायचाच असेल तर ओल्या सुती फडक्याने, आणि झाकण उघडण्याच्या बऱ्याच आधी. झाकणाला हात लावण्यापूर्वी विमानाच्या उघड्या धातूला, टाकीपासून दूर, हात टेकवण्याची सवय अगदी साधी आहे आणि ती फार उपयोगी पडते.

उड्डाणात धूळ, पाऊस आणि ढगातले हिमकण आदळूनही विमान प्रभारित होते. धातूच्या विमानात तो प्रभार पंखांच्या कडेच्या विसर्जक काड्यांवाटे आणि उतरल्यावर चाकांवाटे जातो. टायरच्या रबरात कार्बनची काजळी असल्याने ते थोडेसे वाहक असतात. काचतंतूच्या पटलावरचा प्रभार मात्र त्या काड्यांपर्यंत पोहोचतच नाही, पटलावर ठिकठिकाणी अडकून राहतो, आणि त्याला कोणताही चिमटा उतरवू शकत नाही. उतरल्या उतरल्या घाईने झाकण उघडू नये, याचे हेही एक कारण आहे.

शेवटी प्रश्न उरतो तो दुरुस्तीचा, आणि या क्षेत्रात सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथेच होते. विमान नवे असताना टाकीची कडी, जाळी आणि चौकट यांच्यातली जोडणी कारखान्यात तपासलेली असते. पुढे टाकीची गळती काढताना तार कापली जाते, जाळी बदलताना तिचा वॉशर उलटा बसतो, रंगकाम करताना एक्झॉस्टजवळच्या बिंदूवर रंगाचा थर चढतो, रेझिनचे ठिगळ लावताना तांब्याची पट्टी मध्येच तुटते. धातूच्या विमानात अशा चुका सांगाडा सांभाळून घेतो. इथे सांभाळून घेणारे काही नसते, आणि विमान पूर्वीसारखेच दिसते व उडते. म्हणून टाकीच्या आसपासच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर, आणि वार्षिक तपासणीत, टाकीच्या तोंडाच्या कडीपासून ठरलेल्या बॉन्डिंग बिंदूपर्यंतचा रोध मीटरने मोजून लॉगबुकात आकड्यासह लिहावा. बाउझरच्या आणि नोझलच्या तारांचीही तशीच मोजणी हवी, कारण रीळवर गुंडाळली जाणारी तार चिमट्याच्या मानेपाशी आतून तुटते आणि वरचे आवरण शाबूत राहते. मोजणी करताना मीटरचे टोक रंगावर न टेकवता उघड्या धातूवर टेकवावे, तार हलवून आकडा स्थिर राहतो का ते पाहावे, आणि आकडा १० ओहमच्या वर गेला तर दोष सापडेपर्यंत त्या टाकीत इंधन भरू नये.